कुर्र करण्याआधी कान तपासा

नागपूर शहरातली आणि जिल्ह्यातली प्रसूतिगृहं, तिथले डॉक्टर, सिस्टर आणि आरोग्य खात्याचे अधिकारी यांना,

स. न. वि. वि.

मी एका मुलाची आत्या. पेशाने शिक्षिका, मराठी शिकवते. या पत्रात मी माझं नाव लिहिलेलं नाही, भाच्याचं नाही आणि तो जिथे जन्मला त्या दवाखान्याचंही नाही. कुणाला चव्हाट्यावर आणायला हे पत्र नाही. शिवाय भाचा आता पहिलीत आहे, जोडाक्षरं वाचायला लागलाय. आपली गोष्ट कुणाला सांगायची आणि कुणाला नाही, ते त्याचं त्याने पुढे ठरवावं. मला तुमच्याकडून फक्त एक छापील ओळ हवी आहे. ती कोणती, हे सांगायला मात्र थोडं मागे जावं लागेल.

बारशाला आपल्याकडे आत्याचा मान. "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या" करत बाळ पाळण्याच्या खालून-वरून फिरतं. मग आत्या वाकते, बाळाच्या कानाशी तोंड नेते, नाव सांगते आणि म्हणते "कुर्रर्र!" तेवढ्यात मागच्या बाया तिच्या पाठीत बुक्के घालतात. जानेवारी २०१९ मध्ये मीही वाकले, मीही बुक्के खाल्ले. बारसं बाराव्या दिवशी झालं नव्हतं, कारण बाराव्या दिवशी बाळ काचेच्या पेटीत होतं. सव्वा महिन्याने केलं. नाव सांगताना त्याने माझ्याकडे टक लावून पाहिलं आणि आमची आई म्हणाली, "पाय बाप्पा, आत्याला कसा ओळखून राहिला!"

त्याने नाव ऐकलंच नव्हतं. दोन्ही कानांनी त्याला जवळपास काही ऐकू येत नाही हे आम्हाला कळलं ऑगस्ट २०२१ मध्ये. तेव्हा तो दोन वर्षं आठ महिन्यांचा होता.

घरात शिकलेली माणसं असताना इतके दिवस कळलं कसं नाही, असं लोक विचारतात. तुमच्यापैकीही काहींच्या मनात आलं असेल. कसं कळलं नाही ते सांगते, कारण सगळा मुद्दा तिथेच आहे.

ऑगस्ट २०१९ च्या अखेरीस, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, भाऊ त्याला खांद्यावर घेऊन इतवारीत मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक पाहायला गेला. काळी मारबत, पिवळी मारबत, बडगे, ढोल, डीजे आणि "घेऊन जाऽ गे मारबत"चा गजर. त्या दिवशी तिथे शेजारच्या माणसाशी बोलायचं तर त्याच्या कानात ओरडावं लागतं. आजूबाजूची लेकरं कानांवर हात ठेवून भोकाड पसरत होती. आमचं आठ महिन्यांचं बाळ मात्र त्या डोलणाऱ्या मारबतीकडे पाहून खुदुखुदू हसत होतं. भावाने व्हिडिओ काढला, घरच्या ग्रुपवर टाकला, खाली आम्ही सगळ्यांनी लिहिलं: "किती धीट पोट्टा!" तो व्हिडिओ अजून माझ्या मोबाईलमध्ये आहे. आता पाहवत नाही.

त्या दिवाळीत फटाक्यांच्या आवाजात तो गाढ झोपायचा. गुणी बाळ. वर्षाचा झाला तरी "बाबा", "मामा" नाही, म्हणून आईने एकदा त्याच्या पाठीमागे थाळी वाजवून पाहिली. त्याने वळून पाहिलं. झालं, घरभर सुटकेचा निःश्वास. थाळी तिने फरशीवर आपटली होती आणि तो त्याच फरशीवर बसला होता, हे आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नाही. बहिरं मूल आवाजाला वळत नाही, पण हादऱ्याला वळतं, सावलीला वळतं, वाऱ्याच्या झोताला वळतं. दार धाडकन लागलं की दचकतंसुद्धा. सुरुवातीच्या महिन्यांत तर ते इतर बाळांसारखंच हुंकार देतं, घशातून आवाज काढतं. आई-बापाची फसगत व्हावी अशीच सगळी मांडणी असते.

मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला. मग तर कारण आयतंच मिळालं. पोराला बाहेर माणसं दिसत नाहीत, जी दिसतात त्यांच्या तोंडावर मास्क, कसं बोलणार? सल्ल्यांचा पाऊस पडला. मुलगे उशिराच बोलतात. याचा बापही तीन वर्षांचा होईस्तोवर बोलला नव्हता. मोबाईल दाखवता म्हणून. टीव्ही बंद करा. माझ्या भावजयीने टीव्ही बंद केला, मोबाईल लपवला, दिवसभर त्याच्याशी बोलत राहिली. बोलून बोलून तिचा घसा बसायचा. आणि तरी सगळ्यांचं बोट तिच्याकडेच: आईच कमी पडते.

लसीकरणाच्या एका भेटीत तिने डॉक्टरांना विचारलं होतं. त्यांनी बाळाच्या मागे टाळी वाजवली, बाळ वळलं, ते म्हणाले ठीक आहे, वाट पाहा. ते चांगले डॉक्टर आहेत, रात्री दोन वाजता फोन उचलणारे. पण टाळी म्हणजे तपासणी नव्हे, आणि "वाट पाहा" हा सल्ला कानाच्या बाबतीत फार महाग पडतो. मेंदूतली ऐकण्याची जागा पहिल्या तीन-साडेतीन वर्षांत आवाजावर पोसली जाते. आवाज पोचला नाही तर ती जागा रिकामी राहत नाही, तिथे दुसरी कामं येऊन बसतात. पुढे मशीन बसवून आवाज पोचवला तरी त्या आवाजाला घर सापडत नाही.

शेवटी बेरा तपासणी झाली. कानात आवाज सोडतात, डोक्याला चिकटवलेल्या तारांवर मज्जातंतूचा प्रतिसाद पाहतात. मूल गाढ झोपलेलं लागतं. पावणेतीन वर्षांच्या दांडग्या मुलाला भर दिवसा झोपवायचं म्हणजे काय दिव्य असतं! "रात्रभर जागवा, सकाळी घेऊन या," असं सांगितलं होतं. भाऊ आणि भावजय त्याला घेऊन रात्रभर अंगणात फिरत होते. तिथे झोपेचं औषध दिलं, ते त्याने थुंकलं, पुन्हा दिलं. हीच तपासणी दोन महिन्यांच्या बाळाची करायची असती तर दूध पाजून मांडीवर घेतलं असतं तरी पुरलं असतं.

अहवाल हातात आल्यावर भावजयीने कपाटातून जन्माच्या वेळची फाईल काढली. मी ती पहिल्यांदाच नीट वाचली. तेहतिसाव्या आठवड्यात जन्म, वजन १ किलो ६५० ग्रॅम. सोळा दिवस एनआयसीयू, म्हणजे नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग. कावीळ, निळ्या दिव्याखाली ठेवलं. संसर्गाची शंका म्हणून सात दिवस अमिकासिन हे प्रतिजैविक. डिस्चार्ज कार्डावर वजन होतं, रक्तगट होता, बीसीजी-पोलिओ-कावीळ ब च्या लसींच्या तारखा होत्या, डोक्याचा घेर होता. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी झाल्याची, नेत्रतज्ज्ञांच्या सहीची नोंद होती. कानाबद्दल एक अक्षर नव्हतं.

अमिकासिन दिलं याबद्दल माझी तक्रार नाही. ते दिलं नसतं तर कदाचित हे पत्र लिहायला निमित्तच उरलं नसतं. बहिरेपण त्या औषधाने आलं, कावीळीने आलं, दिवस पुरे न भरल्याने आलं की जन्मतःच होतं, हे आज कुणीच छातीठोक सांगू शकत नाही. पण जे औषध कानावर जाऊ शकतं हे तुमच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या पुस्तकात असतं, ते सात दिवस दिल्यावर कान तपासायचं कुणालाच कसं सुचलं नाही?

डोळे तपासायचं सुचलं. ते का, याचा मी बराच विचार केला. कमी दिवसांच्या बाळांच्या डोळ्यांचा पडदा खराब होतो हे वैद्यकशास्त्राला आधीपासून ठाऊक होतंच. पण २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतल्या अशा एका मुलीच्या खटल्यात, वेळेवर डोळे न तपासल्याबद्दल सुमारे १ कोटी ८० लाख रुपयांची भरपाई द्यायला लावली. माझा समज असा, की त्यानंतर डोळ्यांची ती ओळ कार्डांवर पक्की बसली. माझा समज चुकीचा असेल तर आनंदच आहे. पण कानाच्या ओळीसाठीही कुणाच्या तरी लेकराला कोर्टाची पायरी चढावी लागू नये.

आता तुमच्या बाजूने पाहते. तुम्ही म्हणाल, आमच्या वीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये बहिरं बाळ आम्ही पाहिलंच नाही. यावर माझा विश्वास आहे. जन्मणाऱ्या दर हजार बाळांमागे एक ते तीन बाळांना कायमचं, उपचार लागेल असं कमी ऐकू येतं, हा जगभर मानला जाणारा आकडा आहे. एनआयसीयूत राहिलेल्या बाळांत तो कितीतरी पट जास्त. धंतोलीतल्या किंवा मानेवाड्यातल्या एखाद्या लहान प्रसूतिगृहात महिन्याला तीस बाळंतपणं होत असतील तर वर्षाला साडेतीनशेच्या वर. म्हणजे वर्षाला एक, नाहीतर तीन वर्षांत एक असं बाळ तुमच्या हातातून जातं. ते गुलाबी असतं, रडतं, दूध पितं. तुम्ही पेढे घेता आणि ते घरी जातं. दोन-तीन वर्षांनी त्याचं निदान होतं ते दुसऱ्याच दवाखान्यात, दुसऱ्याच डॉक्टरकडे. तुम्हाला ते कळवायला कुणी येत नाही. आम्हीही आलो नव्हतो. म्हणून तुमच्या वीस वर्षांत एकही बहिरं बाळ नाही.

आणि फक्त जोखमीच्या बाळांचे कान तपासू म्हटलं तरी भागत नाही. घरात कुणी बहिरं आहे, आतेमामे लग्न आहे, एनआयसीयू, कावीळ, गरोदरपणातला रुबेला किंवा सीएमव्ही या विषाणूंचा संसर्ग, मेंदूज्वर, ही यादी तुम्हाला पाठ आहे. पण ज्यांना ऐकू येत नाही अशा बाळांपैकी साधारण निम्म्यांत या यादीतलं काहीच नसतं. पूर्ण दिवसांचं, तीन किलोचं, नॉर्मल डिलिव्हरीचं बाळ. त्याला कोण तपासणार?

तपासणी किती साधी आहे हे मी तुम्हाला सांगणं म्हणजे गावच्या पाटलाला गावाचा रस्ता दाखवणं. पण हे पत्र आई-बापही वाचतील, म्हणून लिहिते. ओएई नावाचं यंत्र हातात मावेल एवढं असतं. त्याचं रबरी टोक झोपलेल्या बाळाच्या कानात बसवतात. यंत्र बारीक टिकटिक सोडतं. कानाच्या आत शंखासारखा भाग असतो, त्या शंखातल्या केसासारख्या पेशी जर धड असतील तर त्या आवाजाला उलट आवाज देतात. होय, आपला कान नुसता ऐकत नाही, तो स्वतःही अगदी बारीक आवाज करतो. १९७८ मध्ये लंडनच्या डेव्हिड केम्प यांनी हे दाखवून दिलं. तो परतीचा आवाज यंत्राने टिपला की पडद्यावर "पास", नाही टिपला तर "रेफर". शांत झोपलेलं बाळ असेल तर दोन्ही कानांचं काम काही मिनिटांत होतं. सुई नाही, रक्त नाही, झोपेचं औषध नाही. खर्च म्हणाल तर खासगीत न्यूमोनियाच्या एका लसीला मोजतो त्याहून कमी.

एक गोष्ट तुमच्यातले काही जण सांगतात आणि ती खरी आहे: या यंत्रावर उगाच "रेफर" येतं. जन्मल्यावर पहिल्या दिवशी कानात पाणी असतं, पांढरा चिकटा असतो, परतीचा आवाज अडतो, आणि बाळंतिणीच्या जिवाला घोर लागतो. आई आधीच टाके दुखतात म्हणून रडत असते, तिला आणखी हे कशाला, असं डॉक्टरांना वाटतं.

त्या घोराबद्दल मला बोलायचा अधिकार आहे. आम्ही तोही भोगलाय. भाच्याच्या पाठीवर त्याला बहीण झाली. या वेळी आम्हीच आधी सांगून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी एक ऑडिओलॉजिस्ट मुलगी स्कूटीवरून आली, पाठीच्या सॅकमधून यंत्र काढलं, खोलीतला पंखा बंद करायला लावला. उजवा कान पास. डावा रेफर. भावजयीने भिंतीकडे तोंड केलं ते संध्याकाळपर्यंत वळवलं नाही. त्या मुलीने मात्र शांतपणे सांगितलं, ताई, याचा अर्थ बहिरं असा होत नाही, याचा अर्थ तीन आठवड्यांनी पुन्हा या, एवढाच होतो. मधे बारसं आलं. या बाळाचं बाराव्या दिवशी झालं, आणि मी मुद्दाम उजव्या कानात कुर्र केलं. कुणाच्या लक्षात आलं नाही. भावजयीच्या आलं. एकविसाव्या दिवशी डावा कानही पास झाला.

तर हिशेब असा. खोट्या धास्तीचे एकोणीस दिवस एका पारड्यात, आणि दोन वर्षं आठ महिने दुसऱ्यात. भावजयीला विचारा, ती कोणतं घेईल. आणि पहिल्या चोवीस तासांत घाई न करता घरी सोडण्याच्या दिवशी तपासणी केली, तर ही खोटी धास्तीही पुष्कळ कमी होते. आपल्याकडे सिझेरियनच्या बायका चार-पाच दिवस राहतातच.

एनआयसीयूच्या बाळांबद्दल एक वेगळा मुद्दा. तिथे नुसतं ओएई पुरत नाही. काही बाळांच्या शंखातल्या पेशी चांगल्या असतात, यंत्र "पास" म्हणतं, पण तिथून मेंदूकडे जाणाऱ्या मज्जातंतूत गडबड असते. जबर काविळीनंतर हे होऊ शकतं. म्हणून या बाळांना बेराच्या धर्तीवरची स्वयंचलित चाचणी हवी. एनआयसीयू चालवणाऱ्यांकडे लाखालाखांचे व्हेंटिलेटर आणि वॉर्मर आहेत. त्यांनी या एका यंत्राला खर्च परवडत नाही म्हणावं हे मला तरी पटत नाही.

लहान प्रसूतिगृहांचं वेगळं. दहा खाटांच्या जागी यंत्र घ्या, माणूस नेमा, असं मी म्हणणार नाही. पण यंत्र प्रत्येकाकडे असायलाच हवं असं कुठे आहे? केरळात एर्नाकुलमच्या बालरोगतज्ज्ञांनी २००३ पासून हेच केलं. यंत्र आणि तपासणारी व्यक्ती सामायिक, ठरलेल्या दिवशी एकेका दवाखान्यात फेरी, आणि संशयित बाळांची पुढची तपासणी एका ठिकाणी. नागपुरात तर याला रान मोकळं आहे. धंतोली आणि रामदासपेठेत एकाच गल्लीत चार-चार दवाखाने आहेत. पॅथॉलॉजीवाल्यांचा मुलगा रोज सकाळी सगळीकडून रक्ताच्या नळ्या गोळा करत फिरतो. तशी सॅक पाठीला लावून कान तपासणारी एक मुलगी का फिरू नये? तुमच्या संघटना आहेत, त्यांच्या बैठका होतात, जेवणंही होतात. एका बैठकीत हा विषय घ्या.

आता सरकारी बाजू. मेडिकल, मेयो आणि डागा या सरकारी दवाखान्यांत नुसत्या नागपूरच्या नाही, भंडारा, गोंदिया, पार छिंदवाडा-शिवनीपासूनच्या बाया येतात. तिथली धावपळ मी पाहिली आहे. एका सिस्टरच्या मागे किती बाळं असतात तेही. पण कागदावर हे काम ठरलेलं आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघरला झाली. त्याच्या तीस आजारांच्या यादीत जन्मजात बहिरेपण आहे. त्याच्याही आधी, २००६-०७ पासून, बहिरेपणा प्रतिबंधाचा वेगळा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं पंचविसावं कलम तर सांगतं की वर्षातून एकदा तरी सगळ्या मुलांची तपासणी करून जोखमीची मुलं हुडकावीत. म्हणजे कुणाकडे काही नवं मागायचं नाही. मला फक्त विचारायचंय: यंत्र कोणत्या खोलीत आहे? ते कोण चालवतं? ती व्यक्ती रजेवर गेली की कोण चालवतं? आणि मागच्या महिन्यात जन्मलेल्यांपैकी किती बाळांचे कान तपासून झाले? हा शेवटचा आकडा लसीकरणाच्या आकड्याशेजारी दर महिन्याला लावा. वॉर्डाच्या दारावर कागदावर लिहून चिकटवला तरी चालेल.

खरी गळती यंत्राशी होत नाही, घरी गेल्यावर होते. "रेफर" आलेलं बाळ नरखेडला, भिवापूरला, रामटेकजवळच्या एखाद्या पाड्यावर जातं. तीन आठवड्यांनी पुन्हा नागपूरला या म्हटलं तर कोण येतं? बाळंतीण माहेरी, नवरा कामावर, एसटीचं भाडं, आणि सासू म्हणते बाळ तर चांगलं आहे. त्यासाठी नवी माणसं नेमायची गरज नाही. आशाताई बाळाच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जातातच. घरी जाऊन नवजात बाळ सांभाळायची ही पद्धत देशाला दाखवली ती आपल्या विदर्भातल्या गडचिरोलीने, डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या कामाने. त्याच आशाताईच्या वहीत "कान: पुन्हा तपासायचे" एवढं लिहून गेलं तर बाळ हरवणार नाही. आणि दीड महिन्याच्या लसीला तर बाळ येतंच. दुसरी तपासणी त्या दिवशी, त्याच ठिकाणी ठेवा. महिन्याच्या आत तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत पक्कं निदान, सहाव्या महिन्यापर्यंत कानाला मशीन. तुम्ही याला एक-तीन-सहा म्हणता. आम्ही घरच्यांनी आमच्या सोयीने लक्षात ठेवायचं तर बारसं, लस आणि उष्टावण.

भाच्याचं पुढे काय झालं ते थोडक्यात. आधी काही महिने कानामागची मशीन लावून पाहिली, मग मार्च २०२२ मध्ये कॉक्लियर इम्प्लांट, म्हणजे शस्त्रक्रियेने कानाच्या आत बसवायचं यंत्र, झालं. केंद्राच्या एडिप योजनेत पाच वर्षांच्या आतल्या मुलांना हे मिळू शकतं, म्हणून आम्ही त्यात बसलो. तो ऐकतो. बोलतोही, आठवड्याच्या थेरपीने आणि भावजयीच्या रोजच्या तासातासाच्या मेहनतीने. पण त्याचं ऐकण्याचं वय त्याच्या खऱ्या वयाहून तीन वर्षांनी लहान आहे. वर्गात मुलं दोन वाक्यं पुढे गेलेली असतात तेव्हा तो पहिल्यावर असतो. नागपूरच्या उन्हाळ्यात घामाने यंत्र बंद पडू नये म्हणून रात्री ते सुकवायच्या डबीत ठेवायचं. मार्च ते जून घरात कूलर घोंघावतो. त्या घरघरीत त्याला शब्द वेचता येत नाहीत, म्हणून भाऊ जेवताना कूलर बंद करतो आणि आम्ही सगळे घामाघूम होऊन जेवतो. वायर तुटली की काही हजार जातात. आणि कितीतरी दिवस तो मला "आआ" म्हणायचा, कारण "त्य" त्याला सापडत नव्हता. पंचवीस वर्षं मुलांची शुद्धलेखनं तपासणाऱ्या बाईला "त्य" हे जोडाक्षर केवढं अवघड असतं ते तेव्हा कळलं.

मशीनच लावा असा माझा हट्ट नाही, हेही सांगायला हवं. कित्येक बहिरी माणसं खुणांच्या भाषेत भरभरून जगतात. भाच्याच्या निमित्ताने मी शंकरनगरच्या मूकबधिर शाळेबाहेर उभी राहून सुटलेल्या मुलांच्या गप्पा पाहिल्या आहेत, आणि त्यांच्यात मीच मुकी होते. पण खुणांची भाषासुद्धा पहिल्या वर्षीच मिळायला हवी ना? आमच्या पोराला दोन वर्षं आठ महिने कोणतीच भाषा नव्हती. बोलायची नाही, खुणांचीही नाही. त्याला तहान लागली की तो आमचा हात धरून माठापाशी न्यायचा. आम्हाला ते गोड वाटायचं.

एवढंच मागणं आहे. पुढच्या वेळी डिस्चार्ज कार्डं छापायला टाकाल तेव्हा, लसींच्या रकान्याखाली, डोळ्यांच्या ओळीच्या शेजारी, ही ओळ घाला. भरल्याशिवाय बाळ घरी सोडू नका. ती छापून येईस्तोवर पेनाने लिहा.

श्रवण तपासणी: दिनांक ______ उजवा कान ______ डावा कान ______ पुन्हा कधी ______

कळावे,
आपली,
दोन भाचरांची आत्या, नागपूर